गोळी आईची, वाटा बाळाचा

मागच्या बैठकीत एका मावशींनी मला विचारलं, "दिवसभर उन्हात खुरपणाऱ्या बाईला ड जीवनसत्त्व कमी पडतंच कसं? ते तर उन्हातून मिळतं म्हणता." प्रश्न बिनतोड आहे, म्हणून आजचं बोलणं तिथूनच सुरू करते.

हे जीवनसत्त्व आपल्या कातडीत तयार होतं, पण ऊन थेट कातडीवर पडलं तरच. आता आपण शेतात कशा जातो ते आठवा. साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला गुंडाळलेला रुमाल, तोंडावरून पदर. उघडी राहतात ती मनगटं आणि पावलं. त्यात सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. सकाळचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण त्यात कामाचे किरण फार थोडे असतात. ते जास्त असतात दुपारच्या आसपास, आणि काचेच्या खिडकीतून आत येत नाहीत. याचा अर्थ गरोदर बाईने मे महिन्यात भर दुपारी उन्हात बसावं असा नाही, चक्कर येऊन पडेल ती. थंडीच्या दिवसांत हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ अंगणात बसली तर चांगलंच. जेवणातून हे जीवनसत्त्व थोडंच मिळतं: अंड्याचा पिवळा बलक, बांगडा-तारलीसारखे मासे. भाजी-भाकरीत ते जवळजवळ नाहीच.

आता बाळाचं. पोटातल्या बाळाला ऊन कुठलं? त्याचा सगळा साठा आईकडून, वारेतून येतो. आईकडेच कमी असेल तर बाळ कमी घेऊनच जन्माला येतं. आईच्या दुधातही ड अगदी थोडं असतं. म्हणून दूध हलकं ठरत नाही बरं का! पहिल्या तासात पाजलेला चीक हे बाळाचं जंतूंपासूनचं पहिलं संरक्षण आहे, तो टाकून द्यायचा नाही.

ड म्हटलं की आपण हाडंच धरतो. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू मारणारं एक प्रथिन तयार करतात, त्यासाठीही हे जीवनसत्त्व लागतं. नवजात बाळाची ताकद मुळातच कोवळी असते. ज्या बाळांच्या नाळेच्या रक्तात ड कमी होतं, त्यांच्यात पहिल्या दिवसांतला जंतुसंसर्ग जास्त दिसला, असं वेगवेगळ्या देशांतल्या डॉक्टरांना आढळलं आहे. गोळी घेतली की संसर्ग होणारच नाही, असं मात्र कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हात धुणं, नाळ कोरडी ठेवणं, तिला हळद, राख, तेल काही न लावणं, हे तितकंच गरजेचं.

मग गोळीचं महत्त्व काय? सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या एका गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ड असतं. चौथा महिना लागला की रोज दोन, आणि बाळंतपणानंतरही सहा महिने. गोळी फुकट मिळते आणि फळीवरच्या डब्यामागे पडून राहते. "गोळ्यांनी बाळ मोठं होतं, बाळंतपण अडतं" हे सासूबाईंनी ऐकलेलं असतं, आणि सून बिचारी कुणाशी वाद घालणार? बाळ अडतं त्याची कारणं दुसरी असतात, या गोळीने ते अडत नाही. सासूबाईंना एकदा तपासणीला सोबत न्या, महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टर असतात, त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. माझ्या सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

घ्यायची कशी? कॅल्शियम जेवणाबरोबर, सकाळी एक, संध्याकाळी एक. लोहाची लाल गोळी त्याच्यासोबत नाही, दोन तास सोडून, नाहीतर लोह अंगी लागत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी ६० हजार युनिटची पुडी मात्र शेजारणीला दिली म्हणून आपणही आणायची नाही. ती डॉक्टरने सांगितली तरच, सांगितली तितकीच. जास्त झाली तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो.

बाळासाठी ड चे थेंब असतात, रोज ४०० युनिट. बाटल्या सारख्या नसतात, एकीत ४०० युनिट १ मिलीत, तर दुसरीत अर्ध्या मिलीतच. म्हणून ड्रॉपर कुठल्या खुणेपर्यंत भरायचा ते डॉक्टर किंवा नर्सताईंकडून बाटली हातात धरून दाखवून घ्या.

गटात कुणाला दिवस असतील तर पुढच्या बैठकीत तिला गोळ्यांची पाकिटं आणायला सांगा. किती उरल्या ते मोजा, पण सगळ्यांदेखत तिला बोल लावू नका. का उरल्या ते नंतर बाजूला घेऊन विचारा. मळमळ होत असेल, बद्धकोष्ठ झालं असेल, त्यावर उपाय असतो.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या दिवसांची वाट मात्र बघत बसायची नाही, जर बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेऊ लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली, बेंबी लाल झाली किंवा तिला पू आला, झटके आले तर. यातलं एकही दिसलं तर उतारा काढणं, दृष्ट काढणं यात वेळ घालवू नका. बाळाला उराशी उबेत घ्या, १०८ किंवा १०२ ला फोन लावा आणि रात्र असली तरी निघा.