गांधीजी, अणुबाँब आणि एक गोड अफवा

जिथे खेळ आहे तिथे दंतकथा आहेच. कुस्तीच्या आखाड्याभोवती ती असते, क्रिकेटच्या मैदानाभोवती असते. मग व्हिडिओ गेमभोवती का नसावी? १९८५ साली निघालेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळातील मारिओ डोक्याने विटा फोडतो, असे असंख्य मुलांना वाटत आले आहे. जाणते शौकीन मात्र पडद्यावरील चित्राकडे बोट दाखवून म्हणतात, “नीट पाहा, त्याची मूठ वर आहे!” असले वाद वडीलधाऱ्यांना पोरकट वाटतात. परंतु त्यांतील एक वाद खुद्द महात्मा गांधींच्या नावाशी जोडलेला आहे, आणि शिक्षकाच्या दृष्टीने तो मोठा बोधप्रद आहे.

१९९१ साली अमेरिकेत ‘सिव्हिलायझेशन’ नावाचा संगणकावरील खेळ प्रसिद्ध झाला. सिड मायर आणि ब्रूस शेली हे त्याचे रचनाकार. खेळणाराने एक राष्ट्र निवडावे आणि प्राचीन काळापासून अंतराळयुगापर्यंत ते वाढवावे, असा हा खेळ. प्रतिस्पर्धी राष्ट्रे संगणक चालवतो. भारताचे नेते म्हणून त्यात गांधीजी येतात.

दंतकथा अशी, की प्रत्येक नेत्याच्या आक्रमकतेसाठी एक अंक ठरवलेला होता व गांधीजींचा अंक सर्वांत लहान, म्हणजे १ होता. राष्ट्राने लोकशाही स्वीकारली की या अंकातून २ वजा होत. १ मधून २ गेले की उणे १ उरावा. परंतु त्या जागी उणे संख्या मावत नसल्यामुळे अंक उलटून थेट २५५ होई. विजेच्या मीटरची चाके शून्यावरून एक घर मागे फिरवली तर सगळीकडे नऊ दिसू लागतात, तसेच हे. अशा रीतीने अहिंसेचा पुजारी क्षणात सर्वांहून हिंसक बनून अणुबाँब टाकू लागे!

कथा ऐकून हसू येते, आणि ती खरीही वाटते. अंक असा उलटण्याचा दोष संगणकशास्त्रात वस्तुतः असतो. तो विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी हेच उदाहरण वारंवार दिले गेले. परंतु २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत सिड मायर यांनी असा दोष त्या खेळात कधी नव्हताच, असे स्पष्ट लिहिले. १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचे प्रमुख रचनाकार ब्रायन रेनॉल्ड्स यांचे म्हणणेही तसेच आहे. पहिल्या खेळात आक्रमकतेच्या अवघ्या तीन पायऱ्या होत्या, आणि सर्वांत खालच्या पायरीवर गांधीजींबरोबर सुमारे एक तृतीयांश नेते उभे होते.

मग ही कथा आली कोठून? खेळातील भारताचा कल विज्ञानाकडे असल्यामुळे अण्वस्त्रविद्या त्याच्या हाती लवकर येई. धमकीचे शब्द सर्व नेत्यांच्या तोंडी सारखेच घातलेले होते. पण इतरांच्या तोंडी ते कोणाच्या लक्षात राहिले नाहीत, गांधीजींच्या तोंडी मात्र राहिले. पुढे २०१० सालच्या पाचव्या आवृत्तीत रचनाकार जॉन शेफर यांनी गांधीजींची अण्वस्त्रांची आवड गंमत म्हणून मुद्दामच कमालीची वाढवून ठेवली. आणि २५५ची कथा पसरू लागली ती २०१२च्या सुमारास, म्हणजे मूळ खेळानंतर जवळजवळ वीस वर्षांनी!

तेव्हा ऐकलेले सारेच खोटे मानावे काय? तसेही नव्हे. ‘ई. टी.’ या चित्रपटावरून अटारी कंपनीने १९८२ साली काढलेला खेळ फसला, आणि त्याच्या लक्षावधी प्रती न्यू मेक्सिकोतील अॅलॅमोगोर्डो गावी पुरून टाकण्यात आल्या, अशी वदंता होती. ती निव्वळ थाप आहे, असे कित्येक शहाणे ठासून सांगत. २०१४च्या एप्रिलात ती जागा खोदली, तेव्हा माल सापडला! मात्र तो एकट्या ‘ई. टी.’चा नव्हता, अटारीच्या इतर अनेक खेळांचाही होता. आणि पुरण्याचे काम पाहिलेल्या अधिकाऱ्याने एकूण आकडा सांगितला तो ७,२८,०००. भाबडेपणाने मान डोलावणारे चुकले, तसेच पुराव्यावाचून मान हलवणारेही चुकले.

श्रोतेहो, गांधीजींविषयीची ती कथा टिकली, कारण तिच्यात शास्त्राची भाषा होती. अडाणी अफवेला आपण हसतो. सुशिक्षित अफवेपुढे मात्र मान तुकवतो. ‘असे घडू शकते’ हे कळले की ‘असे घडले’ हे आपण न विचारताच गृहीत धरतो. या दोहोंत केवढे अंतर आहे, हे मुलांना शिकवणे आज फार निकडीचे झाले आहे. कारण खेळाच्या अफवेने कोणाचे घर जळत नाही, परंतु शेजाऱ्याविषयीच्या अफवेने जळते.

म्हणून घरातील मुले खेळाविषयी हुज्जत घालू लागली, तर त्यांना लगेच गप्प करू नये. जवळ बसून एवढेच विचारावे: हे पाहिले कोणी? प्रथम सांगितले केव्हा? आणि याचे दुसरे काही कारण संभवते काय? हे तीन प्रश्न खेळात अंगवळणी पडले, तर पुढे वर्तमानपत्र वाचताना आणि मतपेटीकडे जाताना ते त्यांच्याबरोबर राहतील.