शिल्पकार रामकिंकर बैज



महोत्सवाच्या सभेंत मीं एका शिल्पकाराविषयीं बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु चर्चच्या आवारांत नवी मूर्ति कशी असावी याविषयीं जी चर्चा चालली आहे, ती ऐकतांना शांतिनिकेतनांत पाहिलेलें एक शिल्प मला वारंवार आठवतें.

रामकिंकर बैज यांचा जन्म १९०६ सालीं बंगालमधील बांकुडा येथें एका गरीब कुटुंबांत झाला. गांवच्या मूर्तिकारांचें काम पाहत हा मुलगा वाढला. संपादक रामानंद चतर्जी यांनीं त्याचे गुण ओळखून १९२५ सालीं त्यास शांतिनिकेतनांत आणिलें; तेथें नंदलाल बोस गुरु लाभले. त्या संस्थेंत तैलरंगांचें चलन फारसें नव्हतें. यांनीं ते हातीं घेतले. जलरंगांत तेथील शेतें, झाडें, आकाश रंगविलें. पण त्यांचें खरें बळ शिल्पांत, असें माझें मत आहे.

१९३८ सालचें 'संथाळ कुटुंब' पाहा. पुरुषाच्या खांद्यावर कावड, तिच्या एका टोपलींत मूल, शेजारीं स्त्री, तिच्या कडेवर दुसरें मूल, सोबत कुत्रा. मजुरांचें बिऱ्हाड वाटेस लागलें आहे. माणसाहून थोर आकाराचे पुतळे तोंवर बहुधा राजांचे, लाटसाहेबांचे व धनिकांचे होत. येथें तो मान या बिऱ्हाडास मिळाला. आणि उंच चौथराहि नाहीं. ब्राँझला पैसा लागतो. यांनीं सिमेंटांत तेथीलच तांबड्या मुरमाचे खडे मिसळून तें लोखंडी सांगाड्यावर थापिलें.

सेमिनरींत आम्हांस ग्रीक व रोमन कलेचे धडे मिळाले होते. गुळगुळीत संगमरवर तेंच सौंदर्य, ही माझी समजूत. म्हणून पहिल्या दिवशीं तें खरबरीत काम मला अर्धवट वाटलें. कबूल करतों, मीं तोंडहि वांकडें केलें! दुसऱ्या दिवशीं पुन्हा गेलों, तों ध्यानांत आलें कीं पायांखालची वाट व तें कुटुंब एकाच मातीचें आहे.

१९५६ सालच्या 'गिरणीची हांक' या शिल्पांत दोन स्त्रिया भोंगा ऐकून धांवत सुटल्या आहेत, अंगावरच्या साड्या वाऱ्यावर फडफडत आहेत, मागें मूल. तो भोंगा काय असतो, हें ज्यांचें बालपण परळ-लालबागेंत गेलें त्यांस मीं सांगावयास नको. दिल्लींत रिझर्व्ह बँकेच्या दारीं त्यांचे यक्ष-यक्षी आहेत. छायाचित्रांत तरी ते मला इतके भिडले नाहींत.

१९७० सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें. १९८० सालीं ते निवर्तले.

आपल्या समितीपुढें तयार मूर्तींचीं दरपत्रकें आलीं आहेत. तीं मान्य करण्यापूर्वीं आपल्यांतीलच गवंडीकाम करणाऱ्या बांधवांस एकदां बैठकीस बोलवावें, अशी माझी विनंति आहे. बैठक येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. दोन्ही शिल्पांचीं छायाचित्रें मीं येथें मेजावर ठेविलीं आहेत. तीं पाहूनच जावें.