पाने जाळण्याचा परवाना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागच्या सभेत एका भगिनीने मला विचारले, "वहिनी, अंगणातली पाने जाळायला परवाना लागतो म्हणे. तो कोठे मिळतो?" मी म्हटले, "चौकशी करून सांगते." चौकशीत जे कळले ते आज आपल्यापुढे ठेवते. भाषणाची मला सवय नाही. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

उत्तर एका वाक्यात देता येईल. शहरात कचरा उघड्यावर जाळण्यासाठी परवाना नाहीच. तेथे मनाई आहे. केंद्र सरकारने २०१६ साली घनकचऱ्याचे नियम केले. रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेत कचरा टाकू नये, जाळू नये, पुरू नये, असे त्यांत सांगितले. बागेचा पालापाचोळा आपल्याच आवारात वेगळा साठवावा, असेही म्हटले. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने देशभर उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी केली आणि साध्या जाळण्याला ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरविला.

त्या २०१६ च्या नियमांतले एक कलम वाचून मात्र मी थबकले. रस्ते झाडणाऱ्यांनी गोळा केलेली पाने जाळू नयेत, अशी सूचना पालिकेने त्यांना द्यावी, असे ते कलम. मी का थबकले ते सांगते. सांगायला संकोच वाटतो, पण हे आपल्या घरचेच व्यासपीठ आहे.

गेल्या माघात आमच्या कोपऱ्यावर बदामाच्या पानांचा ढीग झाला होता. मी गॅलरीतून झाडणाऱ्या मावशींना म्हटले, "मावशी, एक काडी लावा आणि मोकळ्या व्हा." दुसऱ्या दिवशी त्यांनी ढीग पेटविला आणि नेमका पालिकेचा माणूस आला. तो पावतीपुस्तक काढू लागला तेव्हा मावशींनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. बोलल्या काहीच नाहीत. मी खाली पोहोचेपर्यंत पावती फाटली होती. पैसे मी भरले. पण नाव त्यांचे लागले. सांगणारी मी, आणि गुन्हेगार त्या! भगिनींनो, आपल्यापैकी किती जणींनी अशी "एक काडी" सांगितली असेल, ते ज्याचे त्याने मनाशी आठवावे.

आणि धूर कोणाच्या छातीत जातो? थंडीच्या पहाटे हवा जड असते, धूर वर चढत नाही. तो गल्लीतच रेंगाळतो. ओलसर पाने धुमसतात, नीट जळत नाहीत, म्हणून त्यांतून विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक कण निघतात. हे कण फुप्फुसात खोलवर जातात. ढिगात प्लॅस्टिकची पिशवी असली तर विषात भरच. दमेकरी आजोबा आणि तान्ही मुले खिडकी लावून बसतात. मावशींना मात्र ढिगाजवळच उभे राहावे लागते.

मग पानांचे करायचे काय? नुसते "जाळू नका" म्हणून भागत नाही. आम्ही आवाराच्या कोपऱ्यात तारेच्या जाळीचे गोल कुंड केले आहे. त्यात पाने दाबून भरतो, थरावर थोडे शेण किंवा आंबट ताक शिंपडतो आणि ओल टिकेल इतकेच पाणी घालतो. चार-सहा महिन्यांत ढीग बसतो आणि काळे, मातीसारखे खत होते. जागा नसेल तर पाने कुंड्यांत आणि झाडांच्या आळ्यांत पसरावीत. उन्हाळ्यात पाणी कमी लागते. पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाच्या उपक्रमाने ज्यांच्याकडे पाने जास्त आहेत आणि ज्यांना बागेसाठी ती हवी आहेत, त्यांची गाठ घालून दिली. एकीचा कचरा तो दुसरीचे खत!

होळीचे काय, हा प्रश्न येणारच. सण आपण सोडणार नाही. पण दहा घरांच्या दहा होळ्यांऐवजी गल्लीची एकच, लहानशी होळी पुरे. तीत टायर, रबर, प्लॅस्टिक नको. लाकडासाठी उभे झाड तर मुळीच तोडू नये. शहरी भागांतील झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ सालचा कायदा आहे. त्यात झाड जाळणे किंवा त्याला इजा करणे हेही तोडण्यातच धरले आहे. म्हणजे बुंध्याशी पाने पेटवून झाड होरपळले, तर तोही अपराधच.

आता मंडळाला माझी विनंती. या वर्षी प्रत्येक गल्लीत निदान एक पानांचे कुंड व्हावे. जाळीचा खर्च वर्गणीतून करू. पालापाचोळा वेगळा उचलून न्यावा, असा अर्ज मंडळाच्या नावाने वॉर्ड कार्यालयात द्यावा. सह्या घेण्याचे काम मी पत्करते. आणि आपल्यापैकी कोणीही मावशींना काडी लावायला सांगू नये. उलट कुंडाची जागा दाखवून म्हणावे, "मावशी, पाने इथे टाका."

ज्या भगिनीने परवान्याचा प्रश्न विचारला तिची मी ऋणी आहे. तिने विचारले नसते, तर मीही हे वाचले नसते.