पटावर नसलेला मित्र
(स्नेहसंमेलनातील मनोगत)



मला दोन शब्द बोलायला सांगितले आहेत. शाळेच्या गमतीजमती आधीच्या वक्त्यांनी सांगितल्याच, त्यामुळे मी वेगळं बोलतो. आपल्या बॅचची यादी समितीने दहावीच्या पटावरून केली. त्यात चूक काही नाही. पण पाचवी ते नववी माझ्या बाकावर बसलेला एक मुलगा त्या यादीत नव्हता. तो दहावीला आपल्या शाळेत नव्हता, आणि का नव्हता ते आज सांगायचं आहे.

त्याचं घर दूधनाक्याला, आमचं पारनाक्याजवळच्या वाड्यात. घरची मंडळी कोकणी मुसलमान, बोलणं आपल्यासारखंच, किंबहुना म्हणी माझ्यापेक्षा त्याला जास्त यायच्या. ईदला त्याची आई आमच्याकडे कोरडा शिधा पाठवायची: शेवया, साखर, खारीक, चारोळी. शिजवलेलं माझ्या आजीला चालत नसे, हे तिला माहीत होतं आणि त्याचा तिला राग नव्हता. दिवाळीला आई फराळाचा डबा द्यायची. तो डबा कधी रिकामा परत आला नाही.

मे 1984. आम्ही नववीतून दहावीत गेलो होतो. भिवंडीत दंगल उसळली आणि ठाणे, कल्याण, मुंबईपर्यंत आली. अडीचशेहून अधिक माणसं गेली. भिवंडी 1970 मध्येही अशीच जळाली होती, त्यावर न्यायमूर्ती मादन यांचा आयोगही नेमला गेला होता. पण आम्हा मुलांना तो इतिहास कुठे ठाऊक? आम्हाला दिसलं ते एवढंच की आधीचे काही आठवडे मोठी माणसं आम्ही आलो की बोलणं थांबवत होती. ओट्यावर रोज नवी अफवा यायची. आईने एकदा त्याच्या आईची चौकशी केली, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘आता कशाला?’’

दंगल जरा निवल्यावर एका दुपारी तो आला. माझं नवनीतचं गाईड त्याच्याकडे होतं, ते परत द्यायला. विचार करा, चौदा वर्षांचा मुलगा, त्या दिवसांत, दूधनाक्याहून एकटा चालत. वडिलांनी दार उघडलं. गाईड घेतलं. ‘‘तो घरी नाही,’’ म्हणाले, आणि दार लावलं. मी माजघरात होतो. सगळं ऐकत होतो. बाहेर आलो नाही. वडील दुष्ट नव्हते, वाड्यातली माणसं बघत होती आणि ते घाबरले होते. मीसुद्धा. पण मला वडिलांच्या आड लपता आलं, एवढाच फरक.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा बाकावर त्याची जागा रिकामी. त्याचं कुटुंब भिवंडीला मामांकडे गेलं होतं. शिधा थांबला, डबाही थांबला.

पुढचं थोडक्यात. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली. सगळ्यांना वाटलं, आता भिवंडी. पण भिवंडी शांत राहिली. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी आधीची काही वर्षं तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. गल्लीतले हिंदू, मुसलमान आणि ठाण्यातले पोलीस नेमाने एकत्र बसायचे, नळापासून भांडणापर्यंत सगळं तिथेच बोललं जायचं. अफवा आली की ती खरी का खोटी हे विचारायला ओळखीचा माणूस असायचा. माझ्या मित्राचे वडील अशाच एका कमिटीत होते. यंत्रमागाचं गाव ते, सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, कामगार तिसराच. माग थांबला की तिघांच्या चुली थांबतात, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं.

त्याच आठवड्यात आमच्या शेजाऱ्यांच्या पी.पी. नंबरवर फोन आला. वडील गेले. पलीकडे माझा मित्र. ‘‘काका, तुम्ही सगळे बरे आहात ना?’’ एवढंच त्याने विचारलं. वडील घरी येऊन बराच वेळ गप्प बसले. मग आईला म्हणाले, ‘‘त्या दिवशी मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.’’ जाईपर्यंत त्यांना ते बोचत राहिलं. मी मात्र ‘मी आत होतो’ हे त्याला सांगायला आणखी कितीतरी वर्षं घेतली. सांगितलं तेव्हा तो हसला. ‘‘माहीत होतं रे. तुझ्या चपला दारात होत्या.’’

समितीचे आभार, त्यांनी माझं ऐकून यादी वाढवली. तो आज आला आहे, तिसऱ्या रांगेत बसलाय. उभा राहा रे जरा. नको? बरं. जेवणाच्या वेळी त्याला गाठा, गणिताच्या सरांची नक्कल तो अजून करतो.

मला मात्र लवकर निघायचंय. संध्याकाळी तो आमच्याकडे येणार आहे. आई ब्याऐंशीची आहे, कालपासून दोनदा विचारून झालंय, त्याला पुरणपोळी अजून दुधातच लागते का.