चांगल्या रस्त्यासाठी पैसे मागा

आज पदवी घेतलेल्या माझ्या तरुण अभियंत्यांनो,



माझं आयुष्य रस्त्यांच्या कामात गेलं, तेव्हा बोलणार तेही रस्त्यांविषयीच. खड्डा पडला की गावभर चर्चा होते. मला बोलायचंय ते खड्डा पडण्याआधीच्या वर्षांविषयी.

डांबरी रस्ता एका पावसात खराब होत नाही. ऊन-वाऱ्याने डांबर कडक, ठिसूळ होत जातं. प्रत्येक जड चाकाखाली डांबरी थर किंचित वाकतो. असा लाखो वेळा वाकला की तळाशी बारीक भेग पडते. ती वर यायला वर्षं लागतात आणि तोवर रस्ता छान गुळगुळीत दिसत असतो. ती वर आली की पाणी आत शिरतं, खालचा खडीचा थर भिजून कमजोर होतो आणि मग रस्ता बघता बघता खचतो.

पाऊस उघडल्यावर महामार्गाच्या कडेने पायी चालून बघा. पृष्ठभाग वाळलेला असतो, पण भेगांत ओल टिकून असते, त्यामुळे चाकांच्या पट्ट्यात काळ्या रेषा उमटलेल्या दिसतात. काही ठिकाणी भेगेच्या कडेला पांढरट गाळ साचलेला असतो. जड ट्रकच्या दाबाने खालच्या थरातला बारीक माल पाण्याबरोबर वर येतो, त्याची ती खूण. गाडीतून जाणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. तुम्हाला कळलं पाहिजे.

ही झीज मोजता येते, म्हणून तिचा अंदाजही बांधता येतो. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ खास चाचणीसाठी रस्ते बांधून त्यांवर ठरावीक वजनाचे ट्रक सतत फिरवले गेले. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की झीज आसभाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट, तर झीज सोळापट. आपल्या देशात 2018 मध्ये चार टायरच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली गेली. भार वाढला सुमारे 13 टक्के. चौथा घात काढून बघा, त्या आसाखालची झीज वाढते सुमारे 60 टक्के.

अशा अंदाजाचं मोल किती, ते अमेरिकेतल्याच ॲरिझोना राज्याने दाखवलं. कमाल गोलाबी, राम कुलकर्णी आणि जॉर्ज वे यांनी त्या राज्याच्या महामार्गांसाठी एक पद्धत बसवली. रस्ता आज कोणत्या अवस्थेत आहे आणि अमुक दुरुस्ती केली किंवा न केली, तर वर्षभराने तो कोणत्या अवस्थेत जाण्याची शक्यता किती, याचा हिशेब करून निधी वाटायचा. 1982 मध्ये त्यांनी लिहिलं, की पहिल्याच वर्षी 1.4 कोटी डॉलर वाचले, तेही रस्त्यांचा दर्जा न घसरवता.

आता तुमच्या टेबलावर येणारा प्रसंग बघा. निधी एक, रस्ते दोन. एक खड्ड्यांनी चाळण झालेला; त्याच्यासाठी निवेदनं येतात, रास्ता रोको होतो. तिथे जीव जातात, म्हणून तो आधी सुरक्षित करायलाच हवा, यात शंका नाही. पण दुसऱ्यावर भेगा नुकत्याच दिसू लागल्यात. आज भेगा भरून वर पातळ थर दिला तर तो कितीतरी वर्षं टिकेल. थांबलात, तर खडीच्या थरापासून उकरून काढावा लागेल. त्याच्यासाठी कोणी निवेदन देणार नाही. ते तुम्हीच द्यायचंय.

लोक म्हणतील, ‘रस्ता तर चांगला आहे, मग पैसे कशाला?’ त्या वेळी तुमच्या हातात स्वतः मोजलेले आकडे हवेत. तीन मीटरची सरळपट्टी आडवी ठेवून चाकोरीची खोली मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात 20 मिलिमीटर ही धोक्याची रेषा आहे. भेगांचं क्षेत्र मोजा, गटारं तुंबलीत का बघा. कार्यालयात बसून भरलेल्या आकड्यांवर कितीही उत्तम संगणकीय मॉडेल चालवलं, तरी उत्तर खोटंच येणार. आणि इलिनॉयच्या थंडीतली समीकरणं आपल्या काळ्या मातीला, कोकणातल्या पावसाला जशीच्या तशी लागू होत नाहीत. वर्तवलेला अंदाज दोन वर्षांनी प्रत्यक्ष रस्त्यावर जाऊन पडताळा आणि मॉडेल सुधारा. हे काम बाहेरून येऊन कोणी करून देणार नाही.

उद्या तुम्ही बांधकाम विभागात असाल, सल्लागार कंपनीत असाल किंवा कंत्राटदाराकडे. निधीच्या बैठकीत दोन आकडे शेजारी शेजारी मांडा: आज लागणारा खर्च आणि पाच वर्षं थांबल्यास लागणारा खर्च. पहिल्या वर्षी नाही ऐकलं, तर दुसऱ्या वर्षी पुन्हा मांडा, नव्या मोजमापासह. जनतेचा पैसा वेळेवर खर्च करून वाचवणं ही मोठी देशसेवा आहे, आणि ती करण्याचं ज्ञान आज तुमच्याजवळ आहे. ते वापरण्याचं धैर्य तुम्हाला लाभो.