शेजाऱ्याच्या दारावरची नोटीस



ह्या व्यासपीठावर पंडितांनी बोलावे असा रिवाज आहे. आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन झाले ते कारखान्याच्या रात्रपाळीत आणि युनियनच्या कचेरीत. म्हणून आजचा विषय आम्ही जिन्यातून उचलून आणला आहे. भांडखोर शेजारी कर्जापायी घराला मुकतो, तेव्हा बाकीच्या बिऱ्हाडांनी काय करावे, असा हा विषय आहे.

सज्जन शेजाऱ्यावर संकट आले तर काय करावे हे सांगायला व्याख्यान लागत नाही. आपण सगळे धावून जातोच. प्रश्न नकोशा शेजाऱ्याचा आहे. असे एक बिऱ्हाड आमच्या इमारतीत, पिंपरीच्या बाजूच्या कामगारवस्तीत, दुसऱ्या मजल्यावर होते. सकाळी पाणी सुटले की हे गृहस्थ नळाला मोटार लावीत. वरच्या दोन मजल्यांवरच्या बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या. जिन्यात त्यांचे भंगार. सोसायटीची वर्गणी तीन वर्षे थकलेली, आणि वार्षिक सभेत आवाज सर्वांत मोठा. एका पोराचा चेंडू खिडकीवर आपटला म्हणून त्यांनी पोलीस चौकी गाठली होती. युनियनची पावती फाडायला गेलेल्या कार्यकर्त्याला तर त्यांनी दारातूनच शिव्या देऊन परत धाडले. कर्जाने माणूस चिडखोर होतो असे म्हणतात. पण हे गृहस्थ कर्जाच्या आधीपासून असेच होते. त्यांना उगाच साधू करण्यात अर्थ नाही.

एके दिवशी त्यांच्या दारावर कागद चिकटला. घरावर कर्ज देणाऱ्या कंपनीने घराचा ताबा घेतल्याची ती नोटीस होती. जिन्यात येणारा-जाणारा थांबून वाचू लागला. "पाणी ओढत होता, आता घर ओढले गेले," असे कोणी म्हणाले. "केले तसे भोगतो आहे," असे दुसरे म्हणाले. वरच्या मजल्यावरच्या एका आजींनी तर गणपतीला नारळ फोडला. आजींनी सहा वर्षे हंडे वाहिले होते. त्यांना बोल लावण्याची आमची तयारी नाही.

पण श्रोतेहो, आम्ही तो कागद शेवटपर्यंत वाचला. त्यात पाण्याच्या मोटारीचा उल्लेख नव्हता. भंगाराचा नव्हता, शिव्यांचा नव्हता. मुद्दल किती, व्याज किती, किती तारखेपासून थकले, एवढेच होते. धनकोच्या वहीत स्वभावाचा रकाना नसतो. तोच छापील मजकूर, नाव आणि आकडा बदलून, गल्लीतल्या सर्वांत गरीब स्वभावाच्या माणसाच्या दारावरही चिकटतो. जिन्यातल्या मंडळींना वाटले, न्याय झाला. झाली होती वसुली.

आता ह्या गृहस्थांचे हप्ते का थकले तेही ऐका, कारण ते आमच्या धंद्यातले आहे. मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात ते कंत्राटी कामगार होते. कर्ज घेतले तेव्हा ओव्हरटाइम जोरात होता, आणि ओव्हरटाइमसकट जो आकडा हातात पडत होता तोच पगार धरून हप्ता बसवला गेला. पुढे कारखान्याच्या ऑर्डरी घटल्या. नोकरी गेली नाही; फक्त ओव्हरटाइम गेला. तेवढे पुरले. पहिला हप्ता त्यांनी बायकोचे दागिने गहाण टाकून भरला, दुसरा मोबाइलवरून मिळणारे महागडे कर्ज काढून, आणि तिसऱ्यापासून भरलाच नाही.

कामगार आणि कर्ज ही जोडी जुनी आहे. व्हिटली आयोगाने १९३१ साली लिहून ठेवले की, बहुतेक औद्योगिक केंद्रांतली निदान दोनतृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत, आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. त्या काळी पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी पठाण काठी घेऊन उभा असे. आता काठीच्या जागी कायदा आहे. तो थोडा समजून घ्या. घराघरांत उपयोगी पडेल.

हा कायदा २००२ सालचा. सरफेसी ह्या नावाने तो ओळखला जातो. नव्वद दिवस हप्ता थकला की खाते बुडीत सदरात जाते. मग धनको मागणीची नोटीस काढतो आणि ६० दिवसांची मुदत देतो. त्या मुदतीत कर्जदाराने लेखी हरकत घेतली, तर धनकोला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. ६० दिवस उलटले की धनको दिवाणी कोर्टाची पायरी न चढता घराचा ताबा घेऊ शकतो, आणि त्यासाठी दंडाधिकाऱ्यांमार्फत पोलिसांची मदतही मागू शकतो. ताब्याची नोटीस दारावर लावावी लागते आणि दोन वृत्तपत्रांत छापावी लागते, त्यांतले एक स्थानिक भाषेतले. ताब्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागायला ४५ दिवस असतात. पूर्वी मागणीच्या पाऊणपट रक्कम भरल्याशिवाय ही दाद मागता येत नसे. ती अट सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली रद्द केली. लिलावात येण्याहून जास्त पैसे आले, तर वरची रक्कम कर्जदाराची. आणि जुने कर्ज फिटत येऊन मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी येणे उरले असेल, तर हा कायदा लागूच होत नाही.

ह्या सगळ्यात मोलाचे काय असेल तर ते पहिले ६० दिवस. त्या दिवसांत हप्ता नव्याने बांधून मागता येतो, हिशेब तपासता येतो, भाऊबंदांकडून जमवाजमव करता येते, अगदीच नाही तर धनकोची लेखी संमती घेऊन घर आपल्या हाताने आणि बऱ्या भावाने विकता येते. दारावर कागद लागतो तोवर हे दिवस सरलेले असतात.

ह्या गृहस्थांचे सरले होते. आम्ही चौघे त्यांच्या दारी गेलो तेव्हा त्यांनी आधी आम्हांलाच सुनावले. दोन दिवसांनी त्यांची थोरली मुलगी कागदांची पिशवी घेऊन कचेरीत आली. मागणीची नोटीस त्या पिशवीत होती, पाकीट न फोडलेली. घर वाचले नाही. धाकट्याची परीक्षा होईपर्यंत मुदत मिळाली, सामानाची यादी होऊन ते सामान सुखरूप बाहेर आले, आणि लिलावानंतर हिशेब मागितल्यावर वरची थोडी रक्कमही हाती पडली. जाताना त्यांनी कोणाचे आभार मानले नाहीत. आणि ते गेल्यावर वरच्या मजल्यांना पाणी नीट मिळू लागले, हेही खरे आहे.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग बिघडले काय? बिघडले ते पुढच्या वर्षी. त्याच इमारतीत तळमजल्यावर एक सालस कुटुंब होते. कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांना मागणीची नोटीस आली. त्यांनी ती धान्याच्या डब्याखाली ठेवली आणि ५२ दिवस कोणाला सांगितले नाही. का, म्हणून विचारले तेव्हा त्या माउलीने सांगितले, "जिन्यात लोक काय काय बोलले होते, ते मी ऐकले होते."

श्रोतेहो, आमचे म्हणणे एवढेच आहे. भांडखोराच्या दारावर आपण हसतो ते त्याच्या लक्षातही राहत नाही; त्याची कातडी जाड असते. ते हसू पाठ होते सालस माणसाला. तो लाजतो, लाजेने लपवतो, आणि लपवण्यात त्याचे ६० दिवस जातात. वाईट शेजाऱ्यावरच्या हसण्याची किंमत चांगला शेजारी भरतो.

आमच्या युनियनमध्ये हा धडा फार जुना आहे. ज्या कामगाराला साहेब काढून टाकतो, तो बहुधा खात्यातला नावडताच असतो. साहेब मुद्दाम त्यालाच निवडतो, कारण त्याच्यासाठी कोणी उठणार नाही हे त्याला ठाऊक असते. एकदा त्याला विनाचौकशी जाऊ दिले की रीत पडते, आणि दुसऱ्या खेपेला आवडत्याची पाळी येते.

पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ते साल १८७५. त्याच साली मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्याची ठिणगी आदल्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावी पडली होती. दीडशे रुपयांच्या कर्जापायी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडून टाकले. गाव खवळले आणि सावकारांवर बहिष्कार पडला. देशमुखांचा स्वभाव हा त्या बहिष्काराचा मुद्दा नव्हता. गावात एक घर पडले होते, हा मुद्दा होता. पुढे १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा आला, आणि खतावरच्या आकड्यामागे जाऊन सगळ्या व्यवहाराचा इतिहास तपासण्याचे काम न्यायालयांवर आले.

खते जाळा असे आम्ही सांगत नाही. घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे. पण खतामागचा हिशेब चारचौघांत मांडता आला पाहिजे. प्रत्येक इमारतीत नोटिशी वाचणारा एक माणूस असावा. तो वकील नसला तरी चालेल. तारखा मोजता येणारा आणि तोंड बंद ठेवणारा असला म्हणजे झाले. वसुलीचा माणूस सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर दारात आला, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्याला हे चालत नाही असे सांगणारे शेजारी हवेत. आणि पाण्याच्या मोटारीचे भांडण असेल तर ते सोसायटीच्या सभेत, नियमाने, जरूर तर कडकपणे भांडावे. ते भांडण आपले आहे, आपणच करावे; धनकोने ते आपल्या वतीने केले असे मानून समाधान पावू नये. त्याला आपल्या पाण्याशी कर्तव्य नाही. त्याच्या यादीत पुढचे नाव कोणाचेही असू शकते.