मूल एक, न्यायाधीश दोन

हेर्त्सोगेनआउराखहून बोलतोय. आपलं हे गाव जगाला ठाऊक झालं ते दोन भावांच्या भांडणामुळे. डास्लर बंधू 1948 साली वेगळे झाले, आणि आउराख नदीच्या दोन काठांना पूमा आणि आदिदास असे दोन संसार उभे राहिले. कारखाना वाटून घेता येतो, मूल वाटून घेता येत नाही. आज बोलायचंय ते याबद्दल.

आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीत असं एखादं घर असतंच. नवरा-बायकोचं पटेना. एक जण मुलाला घेऊन सुट्टीला पुण्याला गेला आणि परतीचं तिकीट वाया गेलं. मग इथला एक न्यायाधीश आणि तिथला एक न्यायाधीश, दोघं त्याच मुलाचा विचार करायला बसतात. प्रश्न असा, की या दोघांना एकमेकांचं कामकाज कितपत माहीत असतं?

अशा प्रसंगांसाठी 1980 सालचा हेग करार आहे. मूल ज्या देशात राहत होतं तिथे ते लवकर परत पाठवायचं आणि ताब्याचा निर्णय तिथल्या कोर्टाने करायचा, हे त्याचं सूत्र. निकाल शक्यतो सहा आठवड्यांत लागावा अशी त्यात अपेक्षा आहे. जर्मनीत ही प्रकरणं कुठल्याही कोर्टापुढे जात नाहीत. ती ठरावीक कोर्टांकडेच सोपवली आहेत. आपल्या घरातला साधा वाद एर्लांगेनच्या कोर्टात जाईल, पण हेग कराराचं प्रकरण न्युर्नबर्गला. कारण सरळ आहे : तीच ती प्रकरणं हाताळली की न्यायाधीशाचा हात बसतो.

हा करार करणाऱ्यांना लवकरच कळलं, की नुसतं कलम वाचून भागत नाही. 1998 साली नेदरलँड्समध्ये न्यायाधीशांचा एक परिसंवाद झाला. तिथे सूचना आली, की प्रत्येक देशाने एखादा न्यायाधीश नेमावा, ज्याला दुसऱ्या देशातला न्यायाधीश थेट विचारू शकेल : 'तुमच्याकडे या आदेशाची अंमलबजावणी होईल का? मुलाला सुरक्षित कसं ठेवाल?' त्यातून हेगचं न्यायाधीशांचं जाळं उभं राहिलं.

भारत या करारात नाही. विधी आयोगाने 2009 मध्ये सामील व्हावं असं सुचवलं होतं, पण ते झालेलं नाही. 2017 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की परदेशी कोर्टाचा आदेश विचारात घेतला जाईल, पण मुलाचं हित सर्वांत वर. त्यामागची काळजी खोटी नाही. छळ सोसून माहेरी परतलेल्या बाईला यंत्रासारखं परत पाठवायचं का, हा खरा प्रश्न आहे. पण तोपर्यंत मूल वाढत असतं, आणि त्याला एकच पालक दिसत असतो.

म्हणून मला करारापेक्षाही प्रशिक्षण महत्त्वाचं वाटतं. करारावर सही व्हायला वर्षं लागतील, पण शिकायला सहीची गरज नाही. आपल्याकडे भोपाळला राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे, भाईंदरजवळ उत्तनला महाराष्ट्राची आहे. इथे ट्रियर आणि वुस्ट्राऊला जर्मन न्यायाधीशांची अकादमी आहे. 2022 पासून इथला कायदा म्हणतो, की कौटुंबिक न्यायाधीशाला बालमानसशास्त्राचं आणि मुलांशी बोलण्याचं पायाभूत ज्ञान असावं. ही फार चांगली गोष्ट आहे. पण मूल आजीच्या हातून भरवून घेतं, सहाव्या वर्षीही आईच्या कुशीत झोपतं, अनोळखी माणसापुढे मान खाली घालून गप्प बसतं, याचा अर्थ फ्रँकोनियातल्या न्यायाधीशाला कोण सांगणार? आणि पुण्यातल्या न्यायाधीशाला कोण सांगणार, की युगेंडआम्ट म्हणजे फक्त मुलं काढून नेणारं खातं नव्हे, सल्ला आणि मदत देणारंही आहे? उत्तनच्या आणि ट्रियरच्या न्यायाधीशांनी आठवडाभर एकत्र बसून अशी प्रकरणं सोडवून पाहिली, तर दोन्हीकडचे निम्मे गैरसमज गळून पडतील.

हे काही नवं नाही. इथून जवळच, न्युर्नबर्गच्या कोर्टात, 1945 साली चार देशांचे न्यायाधीश एका मंचावर बसले. चार भाषांत एकाच वेळी भाषांतर चालायचं. बोलणारा फार भरभर बोलू लागला की पिवळा दिवा लागायचा : जरा सावकाश. आज त्याच शहरात, 2014 साली स्थापन झालेली, आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्याचं प्रशिक्षण देणारी अकादमी आहे. युद्धगुन्ह्यांसाठी जे जमतं, ते एका सहा वर्षांच्या पोरासाठी का जमू नये?

तोवर आपल्या हातात काय? मी वकील नाही, पण तीन गोष्टी सांगतो. एकट्याने मुलाला घेऊन भारतात जाताना दुसऱ्याची लेखी संमती घ्या, परतीच्या तारखेसह. दुसऱ्या पालकापासून मूल तोडून परदेशी नेणं किंवा तिथेच ठेवून घेणं इथे फौजदारी गुन्हा ठरू शकतो. दुसरं, पटत नसेल तर तिकीट काढण्याआधी मध्यस्थाकडे जा. बर्लिनची 'मिक' ही संस्था अशाच दोन देशांत अडकलेल्या कुटुंबांसाठी काम करते. आणि तिसरं, कोर्टात मुलाला मराठीत बोलायचं असेल तर दुभाषा मागा. मागायला लाजू नका.

पिवळा दिवा आपल्या घरातही असावा, मंडळी. भांडणाचा वेग वाढला की कोणीतरी तो लावायला हवा. नमस्कार.